झाकणबंद रीफ टाकी चौदा महिने वापरल्यानंतर: पहाटे मरणाऱ्या माशांचा छडा

१६० लिटरची, मागच्या बाजूला फिल्टरचे कप्पे असलेली, झाकण, दिवा, रिटर्न पंप (गाळलेले पाणी टाकीत परत सोडणारा) आणि स्किमर (पाण्यात हवेचे बुडबुडे घालून फेसावाटे घाण काढणारे यंत्र) अशा सगळ्या जोडणीसह मिळणारी ही समुद्री टाकी मी चौदा महिने वापरली आहे. पहिल्या तीन महिन्यांनंतर मत लिहिले असते, तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आठव्या महिन्यात लिहिले असते, तर एकही दिला नसता. आज तीन देतो आहे. या टाकीत माझे पाच मासे मेले आणि त्यांपैकी तीन कशाने मेले हे मला फार उशिरा कळले.

पहिले दोन महिने टाकी मुरण्यात, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तीत वाढण्यात गेले. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन टिकल्यावर मी एकेक करून मासे सोडले: दोन क्लाउनफिश, दोन क्रोमिस, एक फायरफिश, एक रॉयल ग्रामा, एक बांगाई कार्डिनल आणि सर्वांत शेवटी कोरल ब्युटी. एवढ्या टाकीत कोरल ब्युटी जरा दाटीची होते, हे मान्य आहे. सोबत दोन क्लीनर कोळंब्या, सहा टर्बो गोगलगायी आणि हळूहळू वाढणारे प्रवाळ होते. चौथ्या महिन्याअखेरपर्यंत एकाही जिवाला काही झाले नाही. त्या काळात झाकणाची पुढची पट्टी मी सतत उघडी ठेवत असे, कारण दिवसातून दोनदा खाऊ घालताना ती उचलण्याचा मला कंटाळा होता. या आळसाचा उल्लेख पुढे कामाला येणार आहे.

पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला फायरफिश त्या उघड्या पट्टीतून उडी मारून बाहेर गेला आणि टाकीमागे जमिनीवर वाळलेला सापडला. फायरफिश उडी मारतोच, ही माहिती मला आधीच होती, त्यामुळे दोष माझाच होता. अपराधी वाटून मी त्याच दिवशी पट्टी बंद केली, वायरींसाठी ठेवलेल्या खाचांमध्येही स्पंज कोंबला आणि मासा सोडाच, डासही आत जाणार नाही अशी टाकी करून टाकली. माहितीपुस्तिकेत बाष्पीभवन कमी ठेवण्यासाठी झाकण पूर्ण बंद ठेवा असेच लिहिलेले असल्यामुळे आपण आता नियमाने वागतो आहोत, असे समाधानही वाटले. त्याच आठवड्यात रात्रीची घरघर झोपमोड करते म्हणून पंपाची ‘रात्र’ ही सोय चालू केली. या सोयीत दिवे मालवल्यानंतर पंपाचा प्रवाह आपोआप ३० टक्क्यांवर येतो.

सतरा दिवसांनी सकाळी कोरल ब्युटी तळाशी मेलेली दिसली. तोंड उघडे, कल्ल्यांची झाकणे ताणलेली, अंगावर एकही ठिपका किंवा जखम नाही, आणि आदल्या संध्याकाळी तिने नेहमीसारखे भरपूर खाल्ले होते. आठ दिवसांनी बांगाई कार्डिनल अगदी तशाच अवस्थेत सापडला. त्यानंतर क्रोमिसपैकी एक गेला, पण क्रोमिस आपापसांत एकेकाला छळून मारतात असे सगळेच सांगतात, म्हणून तो मृत्यू मी हिशेबातच धरला नाही.

मग तपासण्यांचा सपाटा सुरू झाला. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ८ ते १० पीपीएम, अल्कलिनिटी ८.४ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएम, पीएच ८.२. सगळे आकडे जागच्या जागी. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाण द्रावणाशी ताडून पाहिला, तेव्हा तो दोनने जास्त दाखवत असल्याचे आढळले. म्हणजे माझी टाकी इतके दिवस ३३ वर होती. सुधारणा केली, पण एवढ्या फरकाने मासे मरत नाहीत. मल्टिमीटरची एक तार पाण्यात आणि दुसरी अर्थिंगला लावल्यावर ३१ व्होल्ट दिसले, आणि मी घाबरून चांगला चालणारा हीटर फेकून दिला. नवीन हीटर लावल्यावरही जवळपास तेवढेच व्होल्ट दिसत राहिले. पाण्यात बुडवलेल्या पंपांच्या गुंडाळ्यांमुळे असा प्रेरित दाब मीटरवर उमटतो आणि त्यातून नगण्य विद्युतप्रवाह वाहतो, हे मला नंतर समजले.

तांब्याचाही संशय आला होता, परंतु तो मी एका गोष्टीमुळे लगेच सोडला: कोळंब्या आणि गोगलगायी ठणठणीत होत्या. तांबे पाण्यात उतरले असते, तर सर्वांत आधी त्या गेल्या असत्या. मेले कोण यापेक्षा जगले कोण, याकडे पाहणे अशा वेळी जास्त उपयोगाचे ठरते. (मधल्या काळात एक ‘मेलेली’ कोळंबी पाहून माझे हातपाय गळाले होते, ती टाकलेली कात निघाली आणि कोळंबी खडकामागून मिशा हलवत बाहेर आली.)

केवळ मासे मरत आहेत, अपृष्ठवंशी प्राणी सुखरूप आहेत, उरलेल्या माशांचा श्वास जलद आहे, अंगावर काही दिसत नाही, या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की कोणताही अनुभवी माणूस मखमली रोगाचे, म्हणजे ॲमिलूडिनियम या परजीवीचे नाव घेईल. हा परजीवी आधी कल्ल्यांत घर करतो आणि त्वचेवर धूळ दिसण्यापूर्वीच मासा मरू शकतो. मी उरलेले चार मासे बाहेर काढून ४० लिटरच्या साध्या टाकीत, एका एअरस्टोनसह (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) ठेवले आणि चिलेटेड कॉपर हे तांब्याचे औषध टप्प्याटप्प्याने २ पीपीएमपर्यंत चढवायला घेतले. मूळ टाकी सहा आठवडे माशांविना ठेवली, म्हणजे परजीवीला यजमानच मिळू नये. दुसऱ्याच सकाळी चारही माशांचा श्वास सामान्य झालेला पाहून मी औषधाला मनोमन दंडवत घातला.

येथे माझी मोठी चूक झाली. तांबे या परजीवीच्या केवळ मुक्तपणे पोहणाऱ्या अवस्थेला मारते. कल्ल्यांवर आधीच चिकटून बसलेल्यांवर त्याचा परिणाम होत नाही. तेव्हा एका रात्रीत आराम पडला, तो तांब्यामुळे पडूच शकत नव्हता, आणि त्या रात्री तर मात्रा पूर्णही झालेली नव्हती. हा विचार माझ्या मनात सहा आठवड्यांत एकदाही आला नाही. मासे परत मोठ्या टाकीत सोडल्यावर अकराव्या दिवशी सकाळी रॉयल ग्रामा मेलेला सापडला, तोंड उघडे आणि कल्ले ताणलेले.

उलगडा झाला तो एका पहाटे साडेचारला अचानक जाग आली म्हणून. विजेरीवर लाल कागद गुंडाळून मी टाकीपाशी गेलो. दोन्ही क्लाउनफिश रिटर्न पंपाच्या तोंडाशी, पाणी जेथून टाकीत येते तेथे, पृष्ठभागाला नाक लावून तरंगत होते आणि त्यांचे कल्ले मोजता येणार नाहीत इतके भराभर हलत होते. सहाही गोगलगायी पाण्याच्या रेषेवर येऊन बसल्या होत्या आणि त्यांतल्या दोघी तर अर्ध्या पाण्याबाहेर होत्या. दोन्ही कोळंब्या काचेच्या वरच्या काठाला धरून होत्या. पाण्यावर तेलकट, न हलणारी साय पसरलेली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब इतके दाट जमले होते की पट्टी उचलताच पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले.

इतके दिवस मी सर्व मोजमापे संध्याकाळी, कामावरून आल्यावर, दिवे लागून कित्येक तास झालेले असताना करत होतो. त्या पहाटे पीएच ७.६२ भरला. दिवसा प्रवाळ आणि शैवाल प्रकाशाच्या जोरावर प्राणवायू सोडतात, रात्री मात्र तेही माशांसारखेच तो वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून रात्री पीएच थोडा उतरणे स्वाभाविक असते. पण इतका नाही. मग सोपी चाचणी केली. टाकीतले पाणी दोन पेल्यांत घेतले, एकात खोलीतच आणि दुसऱ्यात उघड्या खिडकीपाशी तासभर एअरस्टोनने हवा सोडली. खोलीतल्या पेल्याचा पीएच ८.०५ झाला आणि खिडकीतल्याचा ८.१. खोलीची हवा कोंदट असती, तर पहिला पेला मागे राहिला असता. खोली निर्दोष होती. हवा टाकीपर्यंत पोहोचतच नव्हती.

विरघळलेला प्राणवायू मोजणारे मीटर एका परिचितांकडून आठवडाभरासाठी आणले. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या, ३५ पीपीटी खारट पाण्यात हवेशी समतोल साधला असता लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेवढ्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात तो ८.२च्या वर असतो. म्हणजे समुद्री टाकीत मुळातच शिल्लक कमी. माझ्या टाकीत संध्याकाळी सातला ६.९ होते आणि पहाटे पाचला २.८. झाकणामुळे पाणी २७.८ अंशांपर्यंत तापत होते, हा आणखी एक फटका, कारण पाणी गरम झाले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची गरज मात्र वाढते. पहिल्या पडझडीच्या वेळी टाकीत आजच्यापेक्षा जास्त मासे होते, तेव्हा आकडा याहूनही खाली असणार. कोरल ब्युटी सर्वांत मोठी, म्हणून सर्वांत आधी गेली. क्लाउनफिशची झोपायची जागाच पंपाच्या तोंडाशी होती, म्हणून ते वाचले.

प्रश्न उरला तो स्किमरचा, कारण स्किमर चालू असताना टाकीत प्राणवायूची टंचाई होऊ नये, असे मी धरून चाललो होतो. मागचा कप्पा उघडून पाहिले, तर स्किमरची हवा ओढणारी नळी त्याच झाकणाखाली, पाण्यापासून चार बोटांवर संपत होती. म्हणजे स्किमर रात्रभर टाकीनेच सोडलेली शिळी हवा पुन्हा पाण्यात घालत होता. नळीच्या टोकावरच्या आवाज कमी करणाऱ्या टोपणात मिठाचा खडा जमून छिद्र सुईएवढे उरले होते. दर रविवारी मी स्किमरचा पेला घासून लख्ख करत होतो आणि या टोपणाकडे पाचव्या महिन्यापासून ढुंकूनही पाहिले नव्हते. फेस कमी झाला आहे हे दिसत होते, पण मासे कमी झाल्यामुळे घाणही कमी असेल, असे मी धरले होते.

मासे पुन्हा ४० लिटरच्या टाकीत हलवून, या वेळी औषधाशिवाय, मी रोज एकच बदल करत चार रात्री मोजमाप केले. मासे नसल्यामुळे आकडे थोडे चांगले दिसले असणार. काहीही न बदलता पहाटेचे माप ३.१ आले. ‘रात्र’ सोय बंद करून पंपाचे तोंड पृष्ठभागाकडे वळवल्यावर ४.३. टोपण कोमट पाण्यात भिजवून साफ केले आणि नळी लांबवून झाकणाबाहेर काढली, तेव्हा ५.५. झाकण काढून त्याजागी बारीक जाळीची चौकट बसवल्यावर ६.२, आणि पीएच ७.९८. एकट्या पंपाला, एकट्या झाकणाला किंवा एकट्या टोपणाला दोष देऊन भागले नसते. तिन्ही एकाच महिन्यात जुळून आले होते आणि त्यांतली दोन कामे माझ्या हातची होती.

उत्पादकाचा दोष मात्र मी माझ्या आळसाखाली झाकणार नाही. हवेची नळी बंद झाकणाखाली संपवणे ही रचनेतली चूक आहे. रात्री प्रवाह कमी करण्याची सोय देताना ३० टक्के हा आकडा आधीच भरून ठेवणे आणि त्याविषयी सावधगिरीची एक ओळही न छापणे, ही दुसरी. ग्राहकसेवेला सविस्तर कळवले असता, झाकण बंद ठेवावे, हे पुस्तिकेतलेच वाक्य उत्तरादाखल आले.

बाकी टाकी चांगली आहे. काचेचे जोड स्वच्छ आहेत, दिव्याखाली मऊ आणि मोठ्या पॉलिपचे प्रवाळ उत्तम वाढले, पाणी मागे नेणारी फणी गोगलगायींनी एकदाही अडवली नाही, आणि पंप पूर्ण वेगावर ठेवला तरी त्याच्या आवाजाची आता सवय झाली आहे. जाळीमुळे बाष्पीभवन दिवसाला एक लिटरवरून पावणेदोन लिटरवर गेले, त्यामुळे उडालेले पाणी भरून काढण्यासाठी सोबत मिळालेला पाच लिटरचा डबा तीन दिवसही पुरत नाही. घ्यायचीच असेल, तर मोठ्या डब्याची तजवीज आधी करावी. टोपण मी आता दर पंधरा दिवसांनी कोमट पाण्यात भिजवतो.

सहा महिने झाले, एकही मासा गेलेला नाही आणि मध्यंतरी सोडलेला नवा रॉयल ग्रामाही रुळला आहे. त्या क्रोमिसबद्दल मात्र माझी खात्री नाही. त्याची शेपटी कुरतडलेली होती आणि तो पहाटे नव्हे, तर दुपारी, भर उजेडात सापडला होता. त्याच्या जोडीदाराने तेव्हापासून खडकाची उजवी बाजू एकट्यासाठी राखून ठेवली आहे.