जुना ब्लोअर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

अंबड-घनसावंगीकडे मृग बहाराच्या तोंडावर मोसंबीवाल्यांच्या बोलण्यात हा विषय निघतोच. दहा-बारा वर्षं राबलेला फवारणीचा ब्लोअर यंदाही चालवायचा, की भंगारात देऊन नवा आणायचा? माझ्याकडे ४०० लिटरचा, ट्रॅक्टरच्या मागे उचलून धरायचा जुना ब्लोअर आहे. दोनदा नवा घ्यायला निघालो आणि दोन्ही वेळा जुन्याचंच सामान घेऊन घरी आलो. तेव्हा माझं झुकतं माप कुणीकडे आहे ते आधीच कळलेलं बरं.

बहुतेक जण पंपाला वैतागून नवा घेतात. ते मला पटत नाही. अख्ख्या ब्लोअरमध्ये दुरुस्तीला सगळ्यात सोपा कुणी असेल तर तो पंपच. डायफ्राम (पंपातला रबरी पडदा), वॉल्व्ह आणि ओ-रिंगचा किट मिळाला की हात बसलेला मिस्त्री अर्ध्या दिवसात काम उरकतो. पंपाचं ऑइल दुधासारखं दिसलं की डायफ्राम फाटून पाणी आत शिरलं असं समजायचं आणि तिथंच ट्रॅक्टर बंद करायचा. ‘एवढी टाकी मारून घेऊ’ म्हटलं की बेअरिंगही जातात. मी एकदा म्हटलं होतं. प्रेशरचा काटा सारखा थरथरत असेल तर बहुधा पंपाच्या हवेच्या टाकीतली हवा उतरलेली असते. ती टायरच्या पंपानं भरता येते, फक्त किती भरायची ते पंपाच्या पुस्तिकेत बघून.

‘जुना ब्लोअर औषध फार खातो’ ही दुसरी तक्रार. पूर्वी एका टाकीत जेवढी झाडं व्हायची तेवढी होईनात, म्हणून मीही तेच म्हणायचो. दोष नोझलचा होता. नेहमीचं प्रेशर ठेवून, पंखा न्यूट्रलला टाकून, एकेका नोझलचं पाणी मिनिटभर बादलीत धरा आणि नव्या नोझलशी ताडून पाहा. १० टक्क्यांहून जास्त पाणी पडत असेल तर चकती झिजली, बदलून टाका. नव्या ब्लोअरच्या किमतीपुढे हा खर्च चहापाण्यात मोडतो.

मग नवा घ्यायचाच कधी? इथं बोर्डोनं, म्हणजे बुरशीवर मारायच्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणानं, काय केलंय ते बघावं लागतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १०० लिटर पाणी असं मिश्रण झालं की आपण त्यात विळा बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडला. विळ्यावर मिनिटभरात दिसतं तेच ब्लोअरच्या लोखंडावर वर्षानुवर्षं चाललेलं असतं. टाकी प्लास्टिकची, तिला काही होत नाही. तिच्याखालची फ्रेम, पट्ट्या आणि ट्रॅक्टरला जोडायच्या तीन पॉइंटच्या पिनांच्या जागा मात्र आतून खाल्ल्या जातात. पोपडे खरवडून हातोडीनं ठोकून बघा. भरल्या टाकीत ४०० किलो नुसतं पाणी असतं, ते बांधावरून उतरताना कुजक्या वेल्डिंगवर लटकवू नये. पट्टी बदलून भागत असेल तर बदला, पण सांगाडाच गेला असेल तर माया करू नका.

दुसरी जागा गिअरबॉक्स. ट्रॅक्टर बंद करून, चावी काढून पंखा हातानं फिरवा, मागेपुढे हलवून बघा. खळखळ, ढिला शाफ्ट आणि ऑइलमध्ये लोखंडाची चमक, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर दुरुस्तीचा आकडा फुगतच जातो. आणि त्या मॉडेलचे दातेच मिळत नसतील तर हिशेब करत बसायचं कारण नाही, नवा घ्या.

नव्याच्या बाजूनं खरा मुद्दा खोळंब्याचा आहे. नवी पालवी फुटल्यावर सायला ही रस शोषणारी कीड आली की फवारणी चार दिवस पुढं ढकलता येत नाही, आणि जुना ब्लोअर नेमका तेव्हाच बसतो. शिवाय नव्याला पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरवरून ब्लोअर फिरवणाऱ्या दांड्यावर, कव्हर असतं. जुन्यांचं कव्हर बहुतेकांनी कधीच काढून फेकलेलं असतं. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, उपरण्याचं टोक अडकलं तर माणूस सावरत नाही. अर्थात हे कव्हर वेगळंही मिळतं, तेवढ्यासाठी अख्खा ब्लोअर घेऊ नये.

विरोधातला मुद्दा हप्त्याचा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या बागाच्या बागा वाळल्या. बाग गेली तरी हप्ता थांबत नाही. विहिरीचा भरवसा नसेल तर कर्ज काढून नवा घ्या असं मी तरी सांगणार नाही. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका, आधी घेतलेल्या अवजाराला अनुदान मिळत नाही.

भाड्याचा पर्याय एक-दोन एकरवाल्याला ठीक. पण गरज सगळ्यांना एकाच आठवड्यात लागते, आणि आधीच्यानं त्याच टाकीतून गन लावून तणनाशक मारलं असेल तर भोगायचं तुमच्या बागेनं. टाकी स्वतः धुतल्याशिवाय औषध ओतू नका.

धुण्यावरूनच एक सांगतो. नवा घेऊनही संध्याकाळी साधं पाणी फिरवायचा कंटाळा केला, तर तोही जुन्याच्याच वाटेनं जातो. आमच्या गावात एकाचा तीन वर्षांचा ब्लोअर माझ्या जुन्यापेक्षा म्हातारा दिसतो.

यंदा मात्र माझ्या गिअरबॉक्सनं आवाज बदललाय. ऑइल काढून बघितलं, चमक दिसली. अर्ज भरलाय. पूर्वसंमती येईपर्यंत काम जुन्यावरच निभावायचंय, म्हणून काल जालन्याहून डायफ्रामचा किट आणून ठेवला.