ईएसएएस-आर तक्ता: पाच शाखांच्या एकत्र वर्गात कसा चालतो?

पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातल्या रुग्णाचा त्रास कमी करणारी शुश्रूषा) शिकवताना एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी आणि समाजकार्याची मुलं एका टेबलाशी आणली की अडचण येते ती साहित्याची. स्लाइड दाखवल्या तर सगळे शेजारी बसून आपापलं ऐकतात. एकमेकांना प्रश्न विचारायला भाग पाडणारं साहित्य हवं असेल, तर आमची पहिली पसंती ईएसएएस-आरला (एडमंटन सिम्प्टम असेसमेंट सिस्टिम, रिव्हाइज्ड), म्हणजे रुग्णाचे त्रास आकड्यांत मांडणाऱ्या तक्त्याला. कॅनडातल्या एडमंटनमध्ये एदुआर्दो ब्रुएरा आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडलेल्या तक्त्याची ही सुधारित आवृत्ती. नऊ ओळी, दहावी 'इतर' म्हणून मोकळी, प्रत्येकीला 0 (त्रास नाही) ते 10 (सर्वांत जास्त त्रास) आकडा, आणि विचारायचं ते 'आत्ता कसं वाटतंय' एवढंच.

रुग्णाची भूमिका करणाऱ्याशी गटाने 15 मिनिटं बोलावं. मग प्रत्येकाने, शेजाऱ्याच्या कागदात न डोकावता, रुग्ण काय आकडे देईल ते भरावं. रुग्णाचे स्वतःचे आकडे त्यानंतरच उघडायचे. फळ्यावर समाजकार्य आणि नर्सिंगचे आकडे आधी, एमबीबीएसचे सर्वांत शेवटी लिहा. हा क्रम चुकला की बाकीचे गुपचूप खाडाखोड करतात आणि तासाचा जीवच जातो. चर्चा सगळ्या ओळींवर नको. जिथे सगळ्यात जास्त तफावत आहे, त्या दोनच ओळी घ्या.

आम्ही सुचवू ती केस अशी: तोंडाचा कॅन्सर, दुखण्यावर मॉर्फिन 10 मिलिग्रॅम दर चार तासांनी. दुखणं 3, मळमळ 7, भूक न लागणं 9. एमबीबीएसचा हात सरळ ऑन्डान्सेट्रॉनकडे, म्हणजे मळमळीच्या औषधाकडे जातो. नर्सिंगची विद्यार्थिनी विचारते, "पोट कधी साफ झालं?" पाच दिवस झालेत. फार्मसीवाल्याला दिसतं की चिठ्ठीत मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलेलंच नाही, आणि ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठता आणखी वाढेल. समाजकार्याच्या प्रश्नातून कळतं की संडास घराबाहेर आहे, न्यायला सून लागते, म्हणून बाबा पाणीच कमी पितात. उकिडवं बसताना गुडघे साथ देत नाहीत, कमोडची खुर्ची लागेल, हे फिजिओथेरपीचा विद्यार्थी सांगतो. आता पोट साफ होण्यासाठी बिसाकोडिल द्यायचं ठरतं, पण आतड्यात अडथळा नाही ना, हे पोट तपासून पाहिल्याशिवाय नाही. ते काम पुन्हा एमबीबीएसकडे येतं. चिठ्ठी तीच राहते, पण ती पाच जणांनी मिळून पुरी केलेली असते.

या तक्त्यातली मोठी उणीवही इथेच सापडते: नऊ ओळींत बद्धकोष्ठता नाही. 'इतर'ची ओळ कोरी ठेवायची सवय लागली, तर मॉर्फिनचा सर्वांत हटवादी दुष्परिणाम कागदावर येतच नाही. मुलांना हे आधी सांगू नका. कोरी ओळ त्यांनाच दिसू द्या.

दुसरी अडचण भाषेची. थकवा आणि गुंगी या दोन वेगळ्या ओळी आहेत, पण आपल्याकडे पेशंट दोन्हीला 'मरगळ' म्हणतो. 'जीव घाबरा होतो' म्हणजे धाप, चिंता की मळमळ? तीन शाखांची मुलं तीन वेगळ्या ओळींत आकडा टाकतात. तो वाद मिटवू नका, रुग्णालाच विचारायला लावा. शेवटची 'एकूण बरं वाटणं' ही ओळ तर हमखास उलटी भरली जाते, कारण इथेही 0 म्हणजे उत्तम आणि 10 म्हणजे अगदी वाईट. आकड्यांची सवय नसलेल्या आजींसाठी दहा नाणी पुढ्यात ठेवा आणि दुखतंय तेवढी बाजूला सारायला सांगा.

भ्रमात असलेल्या किंवा बेशुद्ध रुग्णाच्या केससाठी हा तक्ता घेऊ नका. नातेवाईक किंवा नर्स भरू शकतात, पण निराशा आणि चिंतेचे आकडे मग निव्वळ अंदाजाचे होतात. एका गटात सहापेक्षा जास्त मुलंही नकोत. सातवा नुसता बघत बसतो.

खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा. फक्त पाठपोट काढा: दुखण्याची जागा दाखवायचं शरीराचं चित्र मागच्या बाजूला असतं, आणि एकतर्फी प्रतींत नेमकं तेच गळतं.