एक एकर: सगळा टोमॅटो की तुकड्यातुकड्यांत भाजी?

2023 च्या जुलैत पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटो क्रेटला दोन हजारांवर भाव गेला. दोनच महिने आधी शेतकरी तोच टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. एकरभर टोमॅटो लावायचा तर ही जोखीम घ्यावीच लागते. रोपं, मल्चिंग (वाफ्यांवर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद), ठिबक, बांबू, तार, सुतळी, फवारण्या असा लाखाच्या पुढचा खर्च आधीच होतो आणि पहिला तोडा यायला दोन-अडीच महिने. भाव साधला तर कर्ज फिटतं. पडला तर तोडणीची मजुरीही निघत नाही.

त्याच एकरात पाच-सहा गुंठ्यांचे तुकडे केले, तर मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबीर चाळीसेक दिवसांत, भेंडी दीड महिन्यानंतर दिवसाआड. पैसा आठवड्याला हातात येतो, मेथी पडली तर भेंडी सावरते. मात्र माल थोडाथोडा, म्हणून टेम्पोचं भाडं जड जातं. आठवडी बाजारात बसणारं माणूस घरचंच हवं. खुडणी, जुड्या बांधणं हे बहुतेक घरच्या बायकाच करतात. त्यांची मजुरी खर्चात धरा, मगच नफा सांगा.

तरीही भांडवल उसनं असेल, तर मी तुकड्यांच्याच बाजूने आहे. टोमॅटो हवाच असेल तर दहा गुंठे, त्याहून जास्त नको.