आल्याची बिअर घरी करायची तर: बाटलीत आंबवावी की केगमध्ये गॅस भरावा?

आल्याची बिअर घरी करायची म्हटलं की दोन वाटा दिसतात. एक जुनी: आल्याचं विरजण लावायचं, ते गुळाच्या पाण्यात मिसळायचं, बाटली घट्ट बंद करायची आणि गॅस करण्याचं काम यीस्टवर सोपवायचं. दुसरी: आलं-गुळाचा काढा गाळून थंड करायचा, स्टीलच्या केगमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद पिंपात, ओतायचा आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड दाबाने त्यात मुरवायचा. बहुतेक जण खर्च बघून यातलं एक निवडतात. खर्चाचा विचार करायलाच हवा, पण तो नंतर. आधी ठरवा, घरात हे पिणार कोण? शाळेतली पोरं, आजी, उपासाचं पाळणारी माणसं पिणार असतील तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

कारण साखरेचा हिशेब. एक लिटर पेयातली चार ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि त्याच वेळी अल्कोहोल पाव टक्क्याच्या आसपास वाढतं. एक हवं आणि दुसरं नको, असं यीस्टला सांगता येत नाही. बाजारातल्या थंड पेयासारखा नाकात जाणारा झणका हवा असेल तर एका लिटरमध्ये तीन लिटरच्या आसपास गॅस मुरलेला लागतो. म्हणजे बारा ग्रॅम साखर खर्ची पडली आणि अल्कोहोल पाऊण टक्क्यापर्यंत गेलं. विरजणात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही असतात, त्यामुळे हा आकडा थोडा खाली-वर होतो, पण फार नाही. बाटलीत भरण्याआधी पातेल्यात दोन दिवस आंबवलं असेल, तर त्या दिवसांतला गॅस उडून जातो आणि अल्कोहोल मात्र पेयातच राहतं.

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्यात धरलं आहे. आणि महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते घरच्या स्वयंपाकघरात का असेना. म्हणून बार्ली, हॉप्स आणि बिअरचं यीस्ट आणून घरी खरी बिअर गाळायचा सल्ला मी कोल्हापुरातल्या कुणाला देणार नाही. परवाना असलेल्या ठिकाणी जाऊन प्यावी. आल्याची बिअरही आठवडाभर उबेत मुरत ठेवली तर त्याच हद्दीत शिरते, हे बाटलीवाल्यांनी पक्कं लक्षात ठेवायला हवं.

म्हणजे बाटलीच्या वाटेने मर्यादेत राहायचं तर फसफस सौम्यच ठेवावी लागते: लिटरमागे दीड लिटर गॅस, फार तर पावणेदोन. विरजण मिसळल्याबरोबर बाटल्या भरायच्या, आधी पातेल्यात मुरवायचं नाही, आणि वेळेवर फ्रिजमध्ये टाकायच्या. केगमध्ये यीस्टच नाही, त्यामुळे झणका हवा तेवढा घ्या, अल्कोहोलचा प्रश्न उरत नाही. माझ्या लेखी या दोन वाटांतला खरा फरक हाच. बाकीचं सोयी-गैरसोयीत मोडतं.

बाटली: स्वस्त, चवदार, पण लक्ष मागणारी

विरजण सोपं आहे. उकळून गार केलेल्या दोन कप पाण्यात एक चमचा किसलेलं आलं आणि एक चमचा साखर, मग रोज तेवढीच भर. आलं धुवायचं, पण साल काढायची नाही, कारण हवं ते जंगली यीस्ट सालीवरच असतं. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत बुडबुडे दिसतात. पावसाळ्याच्या गारठ्यात किंवा डिसेंबर-जानेवारीत आठवडा लागू शकतो. इंग्लंडमध्ये वापरात असलेल्या आल्याच्या बिअरच्या विरजणाचा अभ्यास हॅरी मार्शल वॉर्ड या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने करून १८९२ मध्ये प्रसिद्ध केला. यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने तिथे राहतात, हे त्याने दाखवलं. आपलं घरचं विरजण म्हणजे तीच जात नव्हे, पण कारभार तसाच दोघांच्या भागीदारीचा. म्हणून त्याला आंबटपणाही येतो, नुसता गॅस येत नाही.

इथे गुळाची निवड फार महत्त्वाची. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि शाहू मार्केट यार्डात त्याचे सौदे होतात, तेव्हा चांगल्या गुळाला तोटा नाही. पण पिवळाधमक, सोन्यासारखा चकाकणारा गूळ विरजणाला चालेलच असं नाही. रंग उजळायला काही गुऱ्हाळांत हायड्रॉस पावडर टाकतात. तिच्यातला गंधकाचा अंश गुळात राहिला तर जंगली यीस्ट मंदावतं आणि पेयाला कुजक्या अंड्याची झाक येऊ शकते. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला, रंगाने काळपट गूळ घ्या. दिसायला तो डावा वाटेल, पण यीस्टला लागणारी खनिजं त्यात भरपूर असतात. हंगामात गुऱ्हाळावरून काकवी आणता आली तर त्याहून उत्तम. विरघळवत बसायला नको आणि मापही अचूक घेता येतं.

आता धोक्याची गोष्ट. लिटरमागे तीन लिटर गॅस असलेली बाटली फ्रिजमध्ये चार अंशांवर आतून साधारण एक बार (म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका) जादा दाब सोसते. तीच बाटली तीस अंशांच्या ओट्यावर ठेवली की दाब साडेतीन बारच्या पुढे जातो. गॅस तेवढाच, फक्त ऊब वाढली. त्यात यीस्ट अजून जिवंत आणि साखर शिल्लक, म्हणजे गॅस वाढतच राहणार. लिटरला साठ ग्रॅम साखर उतरेल एवढा गूळ घातला आणि तो सगळा आंबला, तर हिशेबाने पंधरा लिटर गॅस होतो. घरात सापडणारी कुठलीही काचेची बाटली त्यापुढे टिकणार नाही. एप्रिल-मेमध्ये बाटली कपाटात विसरून गावाला जाणं म्हणजे काचा उडवायची तयारी.

म्हणून काच टाळा. थंड पेयाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरा. त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात आणि आतला दाब बोटांनी कळतो. बाटली दाबल्यावर किंचितच लवते अशी झाली, की लगेच फ्रिजमध्ये. दगडासारखी कडक होण्याची वाट बघायची नाही. उन्हाळ्यात हे एका दिवसातही होतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ हात लावून बघायला घरात कुणीतरी हवं. दोघंही दिवसभर कामावर असणाऱ्या घराला मी ही वाट सुचवणार नाही.

केग: एकदा खर्च, मग हातात लगाम

घरगुती कामाला सहसा कॉर्नेलियस पद्धतीचा १९ लिटरचा स्टीलचा केग वापरतात. मुळात तो हॉटेलांना थंड पेयाचं सिरप पुरवण्यासाठी तयार झाला होता, म्हणजे आपण त्याला परत त्याच्या मूळ कामाला लावतोय. झाकणावर दाब सोडणारी झडप असते. वीज दोन दिवस गेली, काढा आतल्या आत आंबू लागला, तरी झडप जास्तीचा दाब बाहेर टाकते. बाटलीला ही सोय नाही.

केग, रेग्युलेटर, सिलिंडर, नळी आणि तोटी मिळून खर्च हजारांत जातो. शिवाय जागा. घरच्या भाजी-दुधाच्या फ्रिजमध्ये हा केग मावत नाही. कप्पे काढलेला जुना सिंगल डोअर फ्रिज त्याच्यासाठी वेगळा ठेवावा लागतो. थंडावा ही चैन नव्हे, गरज आहे. चार अंशांवर बारा पीएसआय (पाउंड दर चौरस इंच, दाबाचं माप) दाबाने लिटरमागे अडीच लिटर गॅस मुरतो आणि सोळा पीएसआयने तीन लिटर. तीस अंशांवर तेवढ्याच तीन लिटरसाठी पन्नासच्या वर पीएसआय लागतील, आणि तोटी उघडली की सगळा फेसच हाती येईल. बाराला लावून ठेवलं तर आठवडा लागतो. घाई असेल तर आधी पेय पूर्ण थंड करून एक दिवस तीस पीएसआयवर ठेवायचं, मग दाब सोडून बारावर आणायचं.

सिलिंडरच्या बाबतीत तडजोड करू नका. शिरोली, गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात कारखान्यांची वस्ती आहे, वेल्डिंगला कार्बन डायऑक्साइड लागतो, तेव्हा 'गॅस तोच की' असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. गॅस तोच असला तरी त्याच्या शुद्धतेची हमी खाण्यापिण्यासाठी दिलेली नसते. अन्नासाठीचा म्हणून बिलावर लिहून देणाऱ्याकडूनच घ्या. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला हवा, खोलीला खिडकी हवी. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहू शकत नाही आणि भरलेल्या सिलिंडरमधला दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात तो उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला बसू नका. शिवाजी उद्यमनगरात नळ्या-कपलिंग बसवून घेता येतील, पण केगच्या अंगाला वेल्डिंग मुळीच करायचं नाही. दाबाचं भांडं आहे ते.

गुळामुळे केगला दोन त्रास होतात. एक म्हणजे गाळ. गूळ कितीही चांगला असला तरी तळाशी काही बसतंच, आणि ते नेमकं आतल्या नळीत आणि झडपेत अडकतं. काढा दाट सुती कापडातून गाळायचा, रात्रभर फ्रिजमध्ये निवळू द्यायचा आणि फक्त वरचं पाणी केगमध्ये घ्यायचं. दुसरा त्रास फेसाचा; गुळाचं पेय साखरेच्या पेयापेक्षा जास्त फेसाळतं. त्यावर बारीक व्यासाची तीनेक मीटर लांब नळी लावणं हा उपाय. तोटीपर्यंत येताना दाब हळूहळू उतरतो आणि पेय शांतपणे पडतं. धुताना ब्लीच वापरू नका, त्यातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. रबरी रिंगांना आल्याचा वास कायमचा बसतो, म्हणून त्यांचा एक जादा संच आल्यासाठी वेगळा ठेवायचा.

चवीला कोण?

इथे माझा कौल बाटलीकडे. आंबवलेल्या पेयात गुळाची गोडी थोडी मागे सरते, आंबटपणा आतून येतो, बुडबुडे बारीक असतात आणि घोट संपल्यावरही चव जिभेवर रेंगाळते. केगमधलं पेय सरळ बोलतं: आधी गोड, मग आल्याचा चटका, मग गॅसचा झणका. त्यात लिंबू घालावंच लागतं, नाहीतर नुसता गोडपणा उरतो, आणि लिंबू काढा गार झाल्यावरच घालायचं.

केगमधल्या पेयाची चव सुधारायची असेल तर आल्याकडे लक्ष द्या. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलचा. जास्त उकळलं की त्याचं झिंजेरोन होतं आणि ते बरंच मवाळ असतं. वाळवून सुंठ केली की शोगाओल तयार होतं, ते जिंजेरॉलपेक्षाही झणझणीत. म्हणून सगळं आलं एकत्र उकळू नका. अर्धं दहा मिनिटं उकळायचं, अर्धं किसून गॅस बंद केल्यावर घालायचं आणि वर चिमूटभर सुंठ. यीस्टशिवाय मिळणारी खोली जेवढी मिळायची तेवढी यातून मिळते.

दोन्ही शेजारी ठेवून चाखायची असतील तर फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा. फार गारव्यात गोडी आणि वास दबतात, गॅसच जास्त जाणवतो. काचेचा पेला घ्या, अर्धाच भरा, आधी वास घ्या. आणि चाखणं मिसळीच्या आधी उरका. आलं, मिरची आणि गॅस तिघं मिळून तोंडाची आग वाढवतात, मग फरक कळायचा नाही. तांबड्या रश्श्याबरोबरच द्यायचं असेल तर कमी गॅसचं, जरा जास्त गुळाचं द्या.

तिसरी वाटही आहे, आणि नुसतं हौशीने बघायचं असेल तर ती पुरेशी आहे: आलं-गुळाचं दाट सिरप करून ठेवायचं आणि पेल्यात कोपऱ्यावरचा थंड सोडा ओतायचा. झणका पटकन उतरतो, पण आल्याचं आणि गुळाचं प्रमाण जमवायला याहून सोपा सराव नाही.

दोन-चार माणसांचं घर, फ्रिजमध्ये थोडी जागा, लक्ष ठेवायला कुणीतरी, आणि पिणारी सगळी मोठी माणसं असतील तर बाटली घ्या. पोरंबाळं असतील, दर सुट्टीला दहा-पंधरा जण जमत असतील, किंवा अल्कोहोलचा अंशही चालत नसेल तर केगच. पैसे आहेत म्हणून मात्र थेट केग आणू नका. आधी सोड्यावर प्रमाण बसवा, मग पैसे घाला.

सुरुवातीचं प्रमाण असं धरा: दहा लिटर पाण्याला एक किलो गूळ, पाऊण किलो आलं, दहा-बारा लिंबं आणि दोन चिमटी मीठ. १९ लिटरच्या केगमध्ये एवढं अर्धवट भरलं तरी चालतं. फक्त झाकण लावल्यावर वरच्या रिकाम्या जागेत गॅस सोडायचा, झडप उघडून बाहेर काढायचा, आणि असं तीन-चार वेळा करायचं. आत हवा राहिली तर लिंबाचा आणि आल्याचा ताजा वास लवकर उतरतो.