आधी ‘धग’ की ‘रणांगण’? जड कादंबरी निवडणाऱ्यांसाठी

“आतून हलवून टाकेल असं काही सुचवा,” असं कुणी म्हणालं की मी दोन मराठी कादंबऱ्यांची नावं घेते. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९). दोघेही लेखक अमरावतीकडचे, म्हणजे आपल्या नागपूरहून दीडेकशे किलोमीटरवरचे. पण दोन्ही पुस्तकं एकाच दमात सुचवू नयेत. ती वेगवेगळ्या तऱ्हेनं अंगावर येतात आणि कोणतं आधी घ्यायचं हे वाचणाऱ्याचं मन सध्या कसं आहे त्यावर ठरतं.

‘रणांगण’ छोटी आहे, एका रविवारी संपते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू, त्यांच्यातली हर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. दोघांत प्रेम जमतं, पण तो मुंबईला उतरणार आणि तिला पुढे जावं लागणार हे वाचकाला कधीच विसरता येत नाही. पानं भराभर उलटतात, कारण बंदर जवळ येत असतं. चक्रधरला आधीच्या प्रेमात जखम झालेली आहे आणि तिचा हिशोब तो हर्टाशी वागताना चुकता करतो. मला तर दुःख व्हायच्या आधी त्याचा संताप आला. पुस्तक संपल्यावर मात्र खूप रडले आणि रडून झाल्यावर मोकळं वाटलं. जगभर माणसं देशोधडीला लागताना दिसतात, तेव्हा हर्टा आजही आठवते.

‘धग’ असं रडू देत नाही. कौतिक नावाची गरीब, विलक्षण जिद्दीची बाई आणि कष्टाला पाठ दाखवणारा तिचा नवरा महादेव. तिनं संसार सावरायला केलेला एकेक बेत कुठे ना कुठे उसवतो. इथे कुणी खलपुरुष नाही, ज्याच्यावर राग काढून सुटावं. महादेवचासुद्धा धड राग करता येत नाही, कारण पुढे त्याला महारोग गाठतो. वाचताना आपण सारखे वाट बघतो की आता तरी या बाईला चार दिवस बरे येतील. ती वाट बघणंच थकवून टाकतं. डोळे कोरडे राहतात आणि छाती भरून येते. माझ्या मते रडवणारं पुस्तक पेलायला सोपं असतं, हे त्याहून अवघड आहे.

त्यात नागपूरच्या वाचकाला एक जादा गोष्ट सोसावी लागते, ती म्हणजे बोली. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला ‘धग’मधली वऱ्हाडी जरा समजून घ्यावी लागत असेल. आपण ती एसटीत ऐकतो, कॉटन मार्केटमध्ये ऐकतो, लग्नाला आलेल्या मावशी-मामींकडून ऐकतो. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ कानात आधीपासूनच असतात. त्यामुळे पात्र आणि आपण यांच्यात जे थोडं अंतर असायला हवं, ते उरतच नाही. पुस्तक संपल्यावर पुष्कळ दिवस मला घरकामाला येणाऱ्या मावशींशी पगाराचं, सुट्टीचं बोलणं जड जात होतं. त्या बोलायला लागल्या की कौतिकच बोलतेय असं वाटे. हा परिणाम चांगला की वाईट, असं कुणी विचारलं तर मी चांगलाच म्हणेन. पण त्याची तयारी असावी.

म्हणून ‘धग’ मे महिन्यात घेऊ नका. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, कूलरसमोर बसून तासन्‌तास वाचन होतं आणि या कादंबरीचे सलग चार तास फार होतात. रोज तीस-चाळीस पानं वाचावीत, मग उठून अंबाझरीला फिरून यावं. शक्यतो वाचणारी दोन माणसं असावीत, म्हणजे मधेमधे बोलता येतं.

काही गोष्टी आधीच सांगते. ‘रणांगण’मध्ये आत्महत्या आहे. हे सांगितल्यानं कथेचा रस जातो असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. ज्या घरात तसं घडलं आहे त्या माणसाला ते अचानक समोर यायला नको. ‘धग’मध्ये दीर्घ आजार आहे आणि घर चालवणाऱ्या बाईचं खचत जाणं आहे. घरात सध्या कुणाची शुश्रूषा चालू असेल तर ‘धग’ पुढे ढकला. सदानंद देशमुखांची शेतकरी कुटुंबाच्या हालांवरची ‘बारोमास’ (साहित्य अकादमी पुरस्कार, २००४) मोलाचीच आहे, पण गावाकडे भावाच्या डोक्यावर शेतीचं कर्ज असलेल्या माणसाला मी ती आत्ता देणार नाही. आणि ‘धग’, ‘रणांगण’ दोन्हींची धास्ती वाटत असेल तर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) घ्या. तिच्यात भरपूर हसू आहे, तरी नायकाची धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूची पानं या यादीतल्या कुठल्याही पानांइतकीच जड आहेत. फक्त त्यांच्या आधी आणि नंतर श्वास घ्यायला जागा आहे.

एकच निवडायची असेल आणि मन ठीकठाक असेल, तर आधी ‘रणांगण’ वाचा आणि महिनाभरानं ‘धग’ला हात घाला. अपवाद एकच करीन. आई किंवा आजी वऱ्हाडातल्या खेड्यात वाढलेली असेल तर सरळ ‘धग’पासून सुरू करा आणि तिला समोर बसवून संवाद मोठ्यानं वाचा. अडलेले शब्दही तिच्याकडूनच कळतील.