वारंवार निखळणारा खांदा आणि एका विशेष विभागातील उपचार
व्हॉलीबॉल खेळताना माझा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला, तेव्हा एका रुग्णालयात तो बसवून, हात झोळीत अडकवून, पुढे कोणते व्यायाम करायचे हे न सांगताच मला घरी पाठवण्यात आले. वर्षभरात तो आणखी दोनदा निखळला, त्यातला एकदा तर झोपेत कूस बदलताना. अखेर मी खांद्याच्या विकारांसाठीच्या एका विशेष विभागात गेलो. हा अभिप्राय त्या विभागाविषयी आहे.

तिथली तपासणी मला सर्वांत मोलाची वाटली. एमआरआयच्या फिल्म बाजूला ठेवून डॉक्टरांनी आधी मला उताणे झोपवले, हात शरीरापासून नव्वद अंशांत बाजूला घेतला, कोपर वाकवले आणि पंजा हळूहळू डोक्याच्या दिशेने मागे नेऊ लागले. फारसे दुखत नसतानाही मी ‘थांबा’ म्हणालो, कारण खांदा आता निसटणार असे वाटले; त्यांनी तळव्याने खांद्याचा गोळा पुढून दाबून धरताच ती धास्ती गेली आणि हात आणखी मागे गेला. वेदनेपेक्षा ही धास्तीच पुढच्या बाजूच्या अस्थिरतेची खरी खूण असते, हे त्यांनी तिथेच समजावले. माझे इतर सांधे मुळातच सैल आहेत का, हेही पाहिले, कारण तसे असल्यास उपचारांचा मुख्य भर व्यायामावर राहतो.

खांद्याची वाटी उथळ असते आणि तिला खोली देणारी कूर्चेची कड, म्हणजे लेब्रम, माझ्या बाबतीत पुढच्या बाजूने सुटली होती. तरीही वाटीचे हाड किती झिजले आहे हे सीटी स्कॅनवर मोजल्यानंतरच शस्त्रक्रिया ठरली. झीज साधारण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत गेलेली असेल, तर नुसती कड टाचून भागत नाही, हाडाचा तुकडा बसवावा लागतो. माझी झीज कमी असल्याने दुर्बिणीतून कड टाचली.

उणीव जाणवली ती फिजिओथेरपीच्या कागदात. सुरुवातीच्या आठवड्यांत हात बाहेरच्या बाजूला किती फिरवायचा, ही टाचलेल्या कडेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची गोष्ट त्यावर लिहिलेलीच नव्हती. ती मला फोन करून विचारावी लागली. प्रत्यक्ष व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी मात्र पाठीच्या फऱ्याचे स्नायूही तितक्याच चिकाटीने बळकट करून घेतले. सहाव्या महिन्यात तीच चाचणी पुन्हा झाली, तेव्हा हात न घाबरता मागे गेला. स्मॅश मारण्याची परवानगी मात्र दोन्ही खांद्यांची ताकद मोजल्यावरच मिळणार आहे.