एमसीबी, आरसीबीओ की एएफडीडी? नाशकात घरात आणि शेडमधे स्पार्किंग पकडायला नेमकं काय लावायचं

सरळ मुद्द्यावर येतो. "ते आर्क पकडणारं नवीन ब्रेकर आलंय ते घेऊ का" (म्हणजे स्पार्किंग ओळखून बंद होणारं एएफडीडी) असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात, आणि ते साधारण तीन प्रकारचे असतात. एक म्हणजे पंचवटी नाहीतर भद्रकालीकडे जुना वाडा असलेले, दुसरे गंगापूर रोड, इंदिरानगर साइडला फ्लॅट किंवा बंगला घेतलेले, आणि तिसरे अंबड-सातपूरला शेड असलेले. या तिघांना एकच वस्तू विकणारा दुकानदार भेटला तर तिथून गुपचूप निघा, कारण आग कुठून लागू शकते हे तिघांचं वेगळंय आणि प्रत्येक उपकरणाला दिसणारी गोष्टही वेगळी आहे.

आधी आर्कचं बघू. आपण ज्याला स्पार्किंग म्हणतो त्याचे मुख्य प्रकार दोन. एक सीरीज आर्क, म्हणजे एकाच वायरमधे सैल कनेक्शन किंवा अर्धी तुटलेली तार, करंट त्या फटीतून उडी मारत जातो. दुसरा पॅरलल आर्क, म्हणजे फेज आणि न्यूट्रलमधलं किंवा फेज आणि अर्थिंगमधलं इन्सुलेशन जळून, चिरडून किंवा उंदराने कुरतडून त्यातून करंट जातो. आर्कच्या आत तापमान हजारो डिग्री असतं, आणि आपल्या नेहमीच्या पीव्हीसी वायरचं रेटिंग ७० डिग्रीचं. पीव्हीसी एकदा काळं पडलं की तो कार्बनच करंट वाहायला लागतो, म्हणून आज नुसती चटचट ऐकू येते आणि सहा महिन्यांनी बोर्ड वितळलेला सापडतो.

आता एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच. लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे शॉर्टसर्किटची चिंता मिटली. पॅरलल आर्कमधे कधीकधी मिटते पण, कारण करंट भरपूर वाढला तर एमसीबी पडतं. घरात सहसा सी कर्व्हचं एमसीबी असतं, ते रेटिंगच्या ५ ते १० पट करंट गेला तरच झटक्यात पडतं, म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीला ८० ते १६० अँपिअर लागतात. लांबच्या, बारीक वायरवर आर्क झाला तर एवढा करंट येतोच असं नाही, मग ते ओव्हरलोडच्या हिशोबाने रमतगमत पडतं. आणि सीरीज आर्कमधे तर बिचाऱ्याला काही कळतच नाही. गिझरचं उदाहरण घ्या. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो. प्लगची पिन सॉकेटमधे सैल आहे, आर्क होतोय, त्या आर्कवर पंधरावीस व्होल्ट पडतायत असं धरा, तर त्या एका टोकाएवढ्या जागेत दीडशे वॅटच्या आसपास उष्णता तयार होतेय, आणि एमसीबीच्या दृष्टीने करंट नॉर्मल, उलट किंचित कमीच! ते रात्रभर तसंच बसून राहणार.

मग आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात. ते फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का एवढंच मोजतं. ३० मिलिअँपिअरच्या वर गळती झाली की बंद. माणसाचा जीव वाचवायला याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि फेज ते अर्थिंग असा आर्क सुरू व्हायच्या आधी ओलाव्यातून जी गळती होते ती पण हे पकडतं, म्हणजे आगीच्या एका प्रकारावर उपाय आपोआप मिळतो. पावसाळ्यात भिंत ओली झाली की हे का पडतं ते आता लक्षात आलं असेल, ते बिघडलेलं नसतं हो, काढून फेकू नका. आरसीबीओ म्हणजे हेच अधिक एमसीबी, एकाच डबीत, आणि प्रत्येक सर्किटला वेगळं लावता येतं म्हणजे बाथरूममधल्या गळतीने फ्रीज बंद पडत नाही. पण फेज आणि न्यूट्रलच्या आपसातल्या आर्कला आरसीसीबी आंधळं आहे. सीरीज आर्कलाही आंधळं. जेवढा गेला तेवढा परत आला, हिशोब जुळला, विषय संपला.

तर एएफडीडी ही जी तिसरी वस्तू आहे, ती करंट किती आहे यापेक्षा करंटचा आकार बघते. एसी करंट ५० हर्ट्झला सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, आर्क त्या शून्यापाशी क्षणभर विझतो आणि पुरेसा व्होल्टेज आला की परत पेटतो, म्हणून करंटच्या लाटेला तिथे छोटासा सपाट खांदा दिसतो. शिवाय आर्क पेटलेला असताना खूप वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत गोंगाट करतो, रेडिओवर खरखर येते ना तोच. आतला छोटा प्रोसेसर हे दोन्ही बघतो, आणि पॅटर्न टिकून राहिला तर ट्रिप. आयईसी ६२६०६ नावाचं स्टँडर्ड २०१३ चं आहे, त्यात वेळा ठरवून दिल्यात, २३० व्होल्टवर २.५ अँपिअरच्या आर्कला १ सेकंद, ५ अँपिअरला अर्धा, १० अँपिअरला पाव सेकंद. म्हणजे वरच्या गिझरमधे सलग आर्क होत असेल तर अर्ध्या सेकंदाच्या आत काम तमाम व्हायला पाहिजे.

इथपर्यंत वाचून घ्यायची इच्छा झाली असेल तर जरा थांबा. ते २.५ अँपिअर परत बघा. त्याच्या खालचा आर्क पकडायची जबाबदारीच त्या स्टँडर्डमधे नाहीये. तुमच्या हॉलमधे सगळे एलईडी आणि दोन पंखे असतील तर ते सर्किट मिळून एक अँपिअरसुद्धा धड घेत नाही, मग रेग्युलेटरमधली चटचट एएफडीडीने बंद होईल या आशेवर पैसे घालू नका, रेग्युलेटर बदला. दुसरं, जे कनेक्शन स्पार्क न होता नुसतं लाल होऊन तापतंय, तांब्याच्या ऑक्साइडचा थर जमून, ते फारसा गोंगाट करत नाही, मग ते एएफडीडीच्या नजरेतून निसटू शकतं. ॲल्युमिनियमच्या जुन्या तारेला तांब्याची तार पिळून टेप मारलेली असेल तर तिथे हेच होतं. त्याला स्क्रू नीट कसणं, थिमल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबणं आणि जमेल तिथे जॉइंटच काढून टाकणं हाच इलाज, आणि तो सगळ्यात स्वस्त पण आहे. वायरमन लोकांना याचा कंटाळा येतो हे वेगळं.

तिसरं, खोटं ट्रिप होणं. आपल्या मिक्सरच्या मोटरमधे कार्बन ब्रश असतात, ते चालताना ठिणग्या उडवतातच, ड्रिल मशीनचं पण तेच. एएफडीडी अशा लोडवर तपासूनच विकतात, त्यामुळे धडधाकट मिक्सरने सहसा पडत नाही, पण ब्रश संपत आलेल्या जुन्या मिक्सरने पडू शकतं. माझं मत असं की किचनच्या सर्किटला पहिल्या फटक्यात लावूच नका, आधी बेडरूमचे प्लग आणि एसी-गिझरची लाइन. अमेरिकेत पण सुरुवात बेडरूमपासूनच झाली होती, त्यांच्या १९९९ च्या कोडमधे नियम आला आणि २००२ पासून लागू झाला, नंतर हळूहळू बाकीच्या खोल्या आल्या. आणि हो, तिकडचं ऑनलाइन दिसणारं एएफसीआय मागवू नका, ते १२० व्होल्टच्या सिस्टिमचं असतं, आपल्याकडे २३० व्होल्टचं एएफडीडीच पाहिजे.

जुन्या वाड्याचं गणित मात्र मला पूर्ण वेगळं वाटतं. लाकडी तुळया, माळा, केसिंग-कॅपिंगमधल्या नाहीतर लाकडी बॅटनवर खिळ्यांनी ठोकलेल्या जुन्या वायरी, आणि बऱ्याच ठिकाणी नुसत्या दोनच तारा, अर्थिंग नाहीच. अशा ठिकाणी आरसीसीबी लावलं तरी माणसाचा हात लागल्यावर ते पडेल, जीव वाचेल, पण लाकडाच्या पट्टीत फेज-न्यूट्रल जळत असेल तर गळती व्हायला अर्थिंगची वाटच नाही, म्हणजे आरसीसीबीला काही दिसणार नाही. एएफडीडीला अर्थिंग असो नसो, करंटच्या आकारावरूनच कळतं. म्हणजे पहिला पैसा अर्थिंग आणि नवीन तारेला, दुसरा आरसीबीओला, आणि वाड्याला मात्र तिसरा एएफडीडीला, तिथे मी कंजुषी करणार नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या हिशोबाने बरेच जण खोल्या काढून भाड्याने द्यायच्या तयारीत आहेत, म्हणजे एकेका खोलीत चार माणसं, प्रत्येकाचा चार्जर, कोणीतरी पाणी तापवायचा रॉड घेऊन येणार, एक्स्टेंशनची पट्टी गादीखालून जाणार. ब्रिटनच्या वायरिंग नियमात २०२२ च्या दुरुस्तीत एएफडीडीची सक्ती आली ती सगळ्या घरांना नाही, उंच इमारती, वेगवेगळे भाडेकरू राहतात अशी घरं, विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि वृद्धाश्रम अशा निवडक जागांच्या ३२ अँपिअरपर्यंतच्या प्लग सर्किटला. भाड्याच्या खोल्यांचा वाडा यात कुठे बसतो ते तुम्हीच बघा.

पण वाड्यात एक कटकट येते ती आधीच सांगतो. जुन्या वायरिंगमधे न्यूट्रल उसना घेतलेला असतो, या खोलीचा फेज आणि त्या खोलीचा न्यूट्रल, आणि प्रत्येक सर्किटला वेगळं आरसीबीओ किंवा आरसीबीओवालं एएफडीडी लावलं की ते लगेच पडायला लागतं आणि मग वायरमन म्हणतो माल डिफेक्टिव्ह आहे. माल ठीक असतो. न्यूट्रल वेगळे करून घ्या, आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारताना एएफडीडी आधी काढून ठेवा, ५०० व्होल्ट टेस्टने आतलं इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं.

किमतीचं म्हणाल तर एएफडीडी आरसीबीओपेक्षा बऱ्यापैकी महाग पडतं, आणि मी जिथे विचारलं तिथे काउंटरवर मिळालं नाही, ऑर्डर टाकावी लागली. सातपूरला एबीबीचा एवढा मोठा कारखाना असलेलं गाव आपलं, तरी ही वस्तू दुकानदाराला दोनदा समजावून सांगावी लागते. घ्यायचंच तर आरसीबीओ आणि एएफडीडी एकत्र असलेलं घ्या, डीबीत (ब्रेकरच्या पेटीत) जागा वाचते. काही मॉडेल व्होल्टेज २७५ च्या वर गेला तरी बंद होतात, न्यूट्रल तुटून घरात व्होल्टेज चढायचा प्रकार ज्यांच्या एरियात झालाय त्यांना याचं महत्त्व सांगायला नको. नवीन फ्लॅटवाल्यांना, तांब्याची वायर, पाइपातून ओढलेली, अर्थिंग चेक केलेलं, अशांना मी म्हणेन की प्रत्येक सर्किटला आरसीबीओ करा आणि एएफडीडी फक्त एसी-गिझरच्या लाइनला, तेही बजेट उरलं तर.

आता शेडवाले. इथे भलताच विषय सुरू होतो, कारण एमआयडीसीत प्रश्न प्लगचा नसून पॅनलमधल्या बसबारचा, म्हणजे करंट वाटणाऱ्या उघड्या धातूच्या पट्ट्यांचा असतो. ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या, ४१५ व्होल्टला त्याचा फुल लोड करंट पावणेनऊशे अँपिअरच्या आसपास, आणि शॉर्ट झालं तर १७ ते २० हजार अँपिअरपर्यंत. तिथे बसबारवर पाना पडला किंवा पाल घुसली की होतो तो आर्क फ्लॅश, समोरच्या माणसाला भाजणारा स्फोटच. घरातलं एएफडीडी इथे निरुपयोगी आहे, ते स्टँडर्ड ६३ अँपिअरपर्यंतचंच आणि फायनल सर्किटसाठीचं, म्हणजे थेट प्लग-दिव्यांकडे जाणाऱ्या लाइनसाठीचं. इथे ऑप्टिकल आर्क रिले लागतो, पॅनलच्या आत लाइट सेन्सर किंवा फायबर फिरवलेला असतो, तो लखलखाट मिलिसेकंदात पकडतो आणि मेन ब्रेकरला ट्रिप देतो. ब्रेकर उघडायला आणखी ३० ते ७० मिलिसेकंद धरा. याच्याशिवाय काय होतं, तर खालच्या ब्रेकरला आधी पडू द्यावं म्हणून मेन एसीबीला (पॅनलच्या मुख्य मोठ्या ब्रेकरला) २०० ते ४०० मिलिसेकंद मुद्दाम थांबायला सांगितलेलं असतं, आणि आर्कची ऊर्जा वेळेच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तेवढा वेळ ती भट्टी चालू.

रिले घेताना नुसत्या उजेडावर चालणारा आणि उजेड अधिक करंट दोन्ही बघणारा असे दोन प्रकार मिळतात. दार उघडं ठेवून काम करायची सवय असेल, बाजूला वेल्डिंग चालत असेल, तर दुसराच घ्या, नाहीतर कोणी मोबाइलचा फ्लॅश मारला तरी अख्खी शेड अंधारात जायची. पण शंभर अँपिअरच्या मेनवर चार लेथ चालवणाऱ्याने यात पडू नये. त्याला वर्षातून एकदा थर्मल कॅमेऱ्याने पॅनल तपासून घेणं पुरतं, चालू लोडवर, आणि चकचकीत तांबं-ॲल्युमिनियम कॅमेऱ्यात खोटं थंड दिसतं हे माहीत असलेल्या माणसाकडून. दिंडोरी-पिंपळगावकडचे कोल्ड स्टोरेजवाले मात्र वेगळे, मोठे कंप्रेसर, रात्री पॅनलजवळ कोणी नाही, आत दुसऱ्यांचा माल, त्यांनी रिलेचं कोटेशन मागवाच.

राहिलं सोलर. छतावरच्या डीसी लाइनमधे करंट शून्यावर येतच नाही, म्हणून तिथे आर्क एकदा लागला की स्वतःहून विझायचं नाव घेत नाही, आणि एसीचं एएफडीडी तिथे चालत नाही. दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घुसवणं हे तिथलं नेहमीचं कारण. यासाठी वेगळी डबी शोधू नका, इन्व्हर्टर घेतानाच डीसी आर्क डिटेक्शन असलेला मागा, आयईसी ६३०२७ लिहिलंय का डेटाशीटमधे ते बघा, आणि बसवणाऱ्याला समोर उभं करून ते फंक्शन सेटिंगमधे चालू केलंय का ते स्क्रीनवर दाखवायला लावा. नंतर कधी आर्क फॉल्ट दाखवून इन्व्हर्टर बंद पडला तर नुसतं रिसेट मारून चालू करू नका, आधी छतावर पाठवून एकेक कनेक्टर उघडून बघायला सांगा.